बेटावरचा भारत: लमेटातले डायनासोर आणि मधली कोरी दोन कोटी वर्षं

काळाकातळ (धागाकर्ता)

डायनासोर म्हटलं की मुलांच्या तोंडी पहिली दोन नावं येतात ती टी-रेक्स आणि ट्रायसेराटॉप्स. दोघेही उत्तर अमेरिकेतले, क्रिटेशियस काळाच्या अगदी शेवटचे. नेमक्या त्याच काळात आपल्या पायाखालची जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला समुद्रात एकटी होती आणि तिच्यावर तिचे स्वतःचे डायनासोर फिरत होते. त्यांतल्या एकाचा सांगाडा चंद्रपूर जिल्ह्यात निघाला आहे. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या फार थोड्या लोकांना हे ठाऊक असतं आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा.

आधी बेट कसं झालं ते. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, मादागास्कर आणि भारत एकेकाळी गोंडवन नावाच्या एकाच महाखंडात होते. तो टप्प्याटप्प्याने फुटला. आफ्रिकेपासून भारत आणि मादागास्कर जोडीने सुटले, मग अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियाची बाजू तुटली, आणि सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करही मागे राहिलं. त्या शेवटच्या ताटातुटीच्या वेळचा ज्वालामुखी खडक आजही बघता येतो. कर्नाटकात मलपेसमोरच्या सेंट मेरीज बेटांवर जे षटकोनी दगडी खांब दिसतात, ते त्याच काळातले. पुढे भारत उत्तरेला सरकत गेला, एका टप्प्यावर तर वर्षाला १५ सेंटीमीटरच्या आसपास. भूपट्टाच्या मानाने हा वेग अफाट आहे. आशियाशी त्याची टक्कर सुरू झाली ती साधारण ५ ते ५.५ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे मादागास्कर सुटल्यापासून हिमालयाची सुरुवात होईपर्यंत तीन कोटींहून जास्त वर्षं हा तुकडा एकटा होता, किंवा निदान नकाशे तरी तसं सांगतात. या 'निदान'पाशी मी खाली परत येईन.

या बेटावरचे डायनासोर आपल्याला भेटतात ते लमेटा नावाच्या खडकांत. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे, तिथून हे नाव पडलं. हे खडक दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या खाली असतात. नद्या, तळी आणि कोरड्या हवेतली चुनखडीयुक्त माती यांपासून ते झाले, आणि नंतर लाव्हाने त्यांना झाकून टाकलं. सह्याद्रीत लाव्ह्याचे थर एकावर एक रचले जाऊन त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते, त्यामुळे पुण्या-नाशकाखाली काय आहे ते कुणालाच दिसत नाही. पण पठाराच्या कडेला लाव्हा पातळ झाला आहे, झिजला आहे, आणि तिथे खालचे खडक उघडे पडले आहेत. म्हणून सगळ्या जागा कडेकडेने येतात: जबलपूर, नागपूर, चंद्रपूर, धार, आणि गुजरातमधला बालासिनोरचा परिसर.

आता प्राणी. कॅप्टन स्लीमन, तोच ज्याचं नाव ठगांच्या बंदोबस्ताशी जोडलेलं आहे, याला १८२८ मध्ये जबलपूरला मोठी अश्मीभूत हाडं मिळाली. तेव्हा 'डायनासोर' हा वर्गच अस्तित्वात नव्हता. रिचर्ड ओवेनने तो १८४२ मध्ये केला. ती हाडं हातोहात कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपपर्यंत पोचली, आणि १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकरने त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस असं नाव दिलं. 'टायटॅनोसॉर' हा लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचा अख्खा गट आज अर्जेंटिनापासून मंगोलियापर्यंत अभ्यासला जातो. त्या गटाचं नाव जबलपूरच्या टेकडीवरच्या शेपटीच्या मणक्यांवरून आलेलं आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि पुन्हा १९३०च्या दशकात चार्ल्स मॅटली यांनी जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर खोदकाम केलं. मॅटली आणि जर्मन अभ्यासक फ्रीडरिख फॉन ह्यूने यांचा ग्रंथ १९३३ मध्ये आला. इंडोसॉरस, इंडोसुकस, लीव्हिसुकस अशी मांसाहाऱ्यांची नावं त्यातली. बहुतेक नावं एखाद-दुसऱ्या हाडावर उभी आहेत, त्यामुळे कोण कुणाहून वेगळा यावर अजून वाद चालतो.

त्यानंतरच्या दोन शोधांवर मात्र थांबायला हवं.

एक, आयसिसॉरस कोल्बर्टी. १९८०च्या दशकात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीवर हा सांगाडा काढला. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. आजचं नाव २००३ मधलं आहे. मान, पाठ आणि शेपूट यांचे मणके, कंबर, खांदा, पुढचा पाय असं बरंच काही एका प्राण्याचं मिळालं. भारतातल्या टायटॅनोसॉरमध्ये इतका भरलेला सांगाडा दुसरा नाही. लांबी सुमारे १८ मीटर, पण रूप विचित्र: मान आखूड आणि जाडजूड, पुढचे पाय लांब. लांब मानेचा संथ प्राणी हे जे चित्र आपल्या डोक्यात असतं त्यात तो बसत नाही. कवटी सापडलेली नाही.

दोन, राजासॉरस नर्मदेन्सिस. बालासिनोरजवळ रैयोली गावी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव यांनी ही हाडं काढली. कोणतं हाड कुठे पडलं होतं याचा त्यांनी काळजीपूर्वक नकाशा केला. जवळजवळ वीस वर्षांनी जेफ्री विल्सन, पॉल सेरेनो, अशोक साहनी आणि इतरांनी तो नकाशा समोर ठेवून कोणती हाडं एकाच प्राण्याची हे ठरवलं, आणि २००३ मध्ये हा मांसाहारी जगापुढे आला. डोक्यावर बुटकं गोलसर शिंग, आखूड तोंड, दणकट मागचे पाय. माझ्या मते या सगळ्या कहाणीतली सर्वांत मोलाची वस्तू तो नकाशा आहे. हाडं कपाटात वर्षानुवर्षं टिकतात, पण ती कशी पडली होती हे एकदाच दिसतं.

आता मूळ प्रश्न, ज्यासाठी हा धागा काढला. हा भूभाग खरंच इतका एकाकी होता, तर त्याचे प्राणी जगावेगळे हवेत. ऑस्ट्रेलियात कांगारू झाले, मादागास्करात लेमूर झाले. आपल्या बेटावर काय दिसतं? राजासॉरसचा जवळचा नातेवाईक आहे मादागास्करचा मजुंगासॉरस. जबलपूरच्या जैनोसॉरसचं भावंडासारखं साम्य आहे मादागास्करच्या वाहिनी या टायटॅनोसॉरशी, त्याचं वर्णन २०१४ मध्ये झालं. दोन कोटी वर्षांच्या विरहानंतरही हे प्राणी एकमेकांना ओळखू येतील इतके सारखे कसे? का विरह आपण समजतो तितका पक्का नव्हताच?

माझं मत आधीच सांगतो. बेट खरं होतं. पण त्याच्या गोष्टीतलं आपल्या हाती फक्त शेवटचं पान आहे, आणि त्यावरून आपण अख्खी गोष्ट सांगू बघतो आहोत. लमेटाचं वय साधारण ६.८ ते ६.६ कोटी वर्षं. मादागास्कर सुटलं ८.८ कोटीला. मधल्या दोन कोटी वर्षांतला जमिनीवरचा जवळजवळ एकही खात्रीचा प्राणी आपल्याकडे नाही.

तुमची मतं लिहा. पठाराच्या कडेला राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

सायली_ठाणे

फार आवडलं. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला पन्नास डायनासोर पाठ आहेत आणि त्यांत एकही भारतीय नाही. आज रात्री त्याला राजासॉरस सांगणार.

एक शंका. बेटावर मोठे प्राणी खुजे होतात असं वाचलं होतं. मग १८ मीटरचा आयसिसॉरस कसा?

काळाकातळ

सायलीताई, प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. खुजेपणाचं प्रसिद्ध उदाहरण रोमानियातल्या हात्सेग बेटाचं. त्याच काळात युरोप म्हणजे उथळ समुद्रातले बेटांचे तुकडे होते. तिथला मग्यारोसॉरस हा टायटॅनोसॉर जेमतेम सहा मीटरचा. फ्रान्झ नोप्चा यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच म्हटलं होतं की हे प्राणी बेटामुळे लहान झाले. पुढे हाडांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितले, तेव्हा ती पिल्लांची नसून पूर्ण वाढ झालेल्यांची हाडं आहेत असं दिसलं.

भारताचं तसं नाही. हात्सेगच्या मानाने आपला तुकडा खंडाएवढा. उत्तरेचा जो भाग आज हिमालयाखाली दबला आहे तो धरला तर आणखी मोठा. चारा भरपूर, जागा भरपूर, लहान व्हायचं कारण नाही. एकटेपणा आणि आकुंचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वरोऱ्याचा_गडी

पिसदुरा आमच्या वरोरा तालुक्यात येते. लहानपणी आम्ही त्या वावरातून गोटे वेचाले जात होतो. लांबट, पीळ पडल्यासारखे, मातकट रंगाचे. ते काय हायेत हे शाळेत कोणी सांगतलं नाही. पुढं कॉलेजात भूगोलाच्या सरांनी सांगतलं का राजेहो, ही डायनासोरची विष्ठा होय, दगड झालेली. तवापासून मी त्या जागेकडे वेगळ्या नजरेनं पाहातो.

बाहेरून लोक येतात, थैल्या भरून नेतात. कोण नेते, कुठं नेते, काही पत्ता नाही. गावातल्या पोरायले विचारलं तर ते म्हणतात का आता पयल्यासारखे गोटे दिसत नाही. याच्यावर काही लिहाल का?

काळाकातळ

दादा, तुमच्या प्रतिसादाने धाग्याचं चीज झालं. पिसदुऱ्यावर लिहायचंच होतं.

पिसदुऱ्याचे जीवाश्म पहिल्यांदा अभ्यासकांपर्यंत नेले ते स्टीफन हिस्लॉप यांनी. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच मिशनरी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते विदर्भभर दगड आणि जीवाश्म गोळा करत हिंडत होते. १८६३ मध्ये टाकळघाटच्या बाजूला ओढ्याच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. पुढे आंध्रातल्या (आता तेलंगणा) नस्कल इथे चिचुंद्रीएवढ्या एका सस्तन प्राण्याचे दात सापडले, त्या प्राण्याला १९८८ मध्ये डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी असं नाव देण्यात आलं, ते यांच्याच स्मरणार्थ. तो प्राणीही याच बेटावरचा.

त्या विष्ठेतून जे निघालं ते जगभर गाजलं. वनस्पतींच्या पेशींमध्ये सिलिकाचे सूक्ष्म कण तयार होतात आणि प्रत्येक वनस्पतीकुळात त्यांचा आकार वेगळा असतो. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या विष्ठेत हे कण शोधले, आणि त्यांत गवताचे कण मिळाले. एका नाही, निदान पाच प्रकारच्या गवतांचे. २००५ मध्ये हे 'सायन्स' नियतकालिकात आलं. तोवर गवत डायनासोर गेल्यावर आलं असं पुस्तकांत छापलेलं असे. पुढच्या कामात भाताच्या कुळाशी नातं असलेलं गवतही त्यात असल्याचं मांडलं गेलं. ज्या जिल्ह्यात आज धान पिकतो तिथल्या डायनासोरने धानाच्या दूरच्या पूर्वजांची पानं खाल्ली असतील! (ही विष्ठा टायटॅनोसॉरचीच का, यावर काही जणांना शंका आहे. पण डायनासोरच्या काळात गवत होतं, हा निष्कर्ष त्याने बदलत नाही.)

गोटे उचलून नेण्याबद्दल: मला याचा राग येतो आणि तो लपवायचं कारण नाही. एक गोटा कुठल्या थरात, कशाशेजारी पडला होता, यावर त्याचं सगळं मोल. घरच्या शोकेसमध्ये तो नुसता दगड. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळं आणि भूअवशेष यांच्या जपणुकीच्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. असा कायदा हवाच. पण त्याहून आधी गावातल्या शाळेत ही माहिती पोचायला हवी. तुमच्या कॉलेजातल्या सरांनी केलं ते दहावीपर्यंतच्या मुलांसाठी कुणी केलं, तर राखण गावच करेल.

नर्मदाकाठ_जबलपूर

आमच्या तीन पिढ्या जबलपुरात गेल्या, बडा सिमला टेकडी रोजच्या वाटेवर. स्लीमनची हाडं पुढे हरवली होती ना? ती मिळाली का?

काळाकातळ

मिळाली. सव्वाशेहून अधिक वर्षं ती बेपत्ता धरली जात होती. २०१२ मध्ये धनंजय मोहबे, शुभाशिस सेन आणि जेफ्री विल्सन यांना ती कोलकात्यात, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मुख्यालयातल्या साठ्यात सापडली. जुन्या चित्रांशी ताडून बघितली आणि ओळख पटली. 'भारताचा पहिला डायनासोर पुन्हा सापडला' अशा अर्थाचा लेख २०१३ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. मॅटलींनी काढलेलीही बरीच हाडं सापडत नव्हती, त्यांतली काही अशीच पुन्हा हाती लागली आहेत.

मोहबे हे नाव या विषयात पुन्हा पुन्हा येतं. नागपूरच्या मंडळींना ते ओळखीचं असेल.

बडोदेकर_मंजिरी

रैयोलीला आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. बडोद्याहून एका दिवसात होतं. २०१९ मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं, आता तर आणखी वाढलंय. बाहेरच्या माळावर, दगडातच, अंड्यांचे गोल आकार दिसतात. गाईडने पाणी शिंपडलं की कड उठून दिसते. आधी मला वाटलं नुसते गोटे आहेत. मग एकदा नजर बसली की जिकडे तिकडे अंडीच.

अंड्यांबद्दल कुणी सविस्तर लिहील का? एवढी अंडी एकाच ठिकाणी का?

अश्मक

मंजिरीताई, मी लिहितो. भूशास्त्र शिकवतो, गुजरात-माळव्यातले हे थर विद्यार्थ्यांबरोबर बघितले आहेत.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बालासिनोर परिसरातल्या सिमेंटच्या चुनखडीच्या खाणींत ही अंडी पहिल्यांदा लक्षात आली. तिथपासून नर्मदेच्या खोऱ्यात पूर्वेकडे जबलपूरपर्यंत अशी घरटी आहेत. नागपूर शहराच्या टाकळी भागातूनही कवचाचे तुकडे नोंदवले गेले आहेत. जानेवारी २०२३ मध्ये हर्षा धीमन, गुंटुपल्ली प्रसाद आणि इतरांनी धार जिल्ह्यातली ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली. अंडी साधारण मोठ्या नारळाएवढी, व्यास १५-१७ सेंटीमीटर. आई अठरा मीटरची असली तरी अंडं एवढंच. अंडं याहून फार मोठं होऊ शकत नाही. कवच जाड करावं लागतं आणि मग आतल्या जिवाला हवा मिळत नाही, पिल्लालाही ते फोडता येत नाही.

एकाच ठिकाणी का, याचं उत्तर जमिनीत आहे. तळ्याकाठची, अधूनमधून पाणी येणारी, उकरायला मऊ पण फार ओली नाही अशी जमीन त्यांना लागत असावी. मादी उथळ खड्डा करून अंडी घालून ती पुरत असावी, मगरीसारखी. मातीची आणि कुजणाऱ्या पानांची ऊब बाकीचं काम करणार. घरटी एकमेकांना इतकी खेटून आहेत की मोठा प्राणी परत तिथे फिरला असता तर अंडी तुडवली गेली असती. म्हणून अंडी घालून आई निघून जात असावी असं अभ्यासक म्हणतात. त्याच भागातलं आणखी एक अंडं प्रसिद्ध आहे: अंड्याच्या आत अंडं. हा प्रकार पक्ष्यांत माहीत आहे. डायनासोरमध्ये तो मिळाल्याने, टायटॅनोसॉरचा अंडी तयार करणारा मार्ग कासवापेक्षा पक्ष्याच्या जवळचा असावा असा अंदाज मांडला गेला.

पण खरी कमाल ढोली डुंगरीची. गुजरातमधलं हे ठिकाण. मोहब्यांना १९८४ मध्ये तिथे अंडी आणि शेजारी बारीक हाडं असलेला एक दगड मिळाला. ती हाडं पिल्लाची असावीत असं वाटत होतं. २००१ मध्ये विल्सनने तो दगड बघितला तर त्यात सापाचे मणके! फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला साडेतीन मीटरचा साप, आणि शेजारी अर्ध्या मीटरचं नुकतं जन्मलेलं पिल्लू. सानाजेह इंडिकस. २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा जबडा आजच्या अजगरासारखा रुंद उघडणारा नव्हता, अंडं त्याला गिळता आलं नसतं, पण पिल्लू आलं असतं. वादळात किंवा पुरात वाळूचा लोंढा आला आणि सगळे जागीच पुरले गेले. खाणारा, खाद्य आणि जागा एकत्र असा क्षण डायनासोरच्या अभ्यासात फार क्वचित मिळतो.

सायली_ठाणे

अंगावर काटा आला वाचून. पिल्लाला खाणारे साप होते, मोठ्यांना राजासॉरस होता, मग आपल्या बेटावर शिंगवाले, चिलखतवाले शाकाहारी कुणी होते की नाही?

अश्मक

ट्रायसेराटॉप्ससारखे शिंगवाले नाहीत, बदकचोचीचेही नाहीत. निदान पक्का पुरावा नाही. उत्तर अमेरिकेत त्याच काळी चरणाऱ्यांत हेच मुख्य होते, आणि आपल्याकडे ते काम लांब मानेच्या टायटॅनोसॉरकडे. चिलखताचे काही तुकडे जबलपूरला मिळाले होते, लॅमेटासॉरस या नावाखाली. पण त्यात वेगवेगळ्या प्राण्यांची हाडं मिसळली असल्याचं आता मानतात.

मात्र धागाकर्त्यांच्या मताशी माझा थोडा मतभेद आहे. 'बेट खरं होतं' एवढं म्हणून भागत नाही. तमिळनाडूत अरियलूरजवळ कल्लमेडूचे खडक आहेत, वय लमेटाएवढंच. तिथे २०१३ मध्ये ट्रूडॉन्टिड गटातल्या छोट्या मांसाहाऱ्याचा एक दात नोंदवला गेला. हा गट उत्तरेकडच्या खंडांचा, आशिया आणि अमेरिकेचा. मग तो अंटार्क्टिकाच्या बाजूने आला की आशियाकडून? डेक्कनोलेस्टेसचे दातही उत्तरेच्या प्राण्यांशी नातं सांगतात. अशोक साहनी यांनी १९८०च्या दशकापासून हे लावून धरलं आहे की भारताचे प्राणी पूर्ण तुटलेल्या बेटाचे वाटत नाहीत. काहींनी आफ्रिकेच्या शिंगाच्या (सोमालियाच्या) बाजूने जमिनीचा पट्टा मांडला, काहींनी वाटेतल्या ज्वालामुखी बेटांची साखळी. माझं म्हणणं, बेट होतं पण त्याला घाटपायऱ्या होत्या.

काळाकातळ

अश्मकसर, प्रतिसादाबद्दल आभार. आपण समोरासमोर उभे आहोत असं मला वाटत नाही, पण एका जागी मी अडून बसतो.

जमिनीचा पट्टा असता तर त्यावरून मोठे प्राणीही आले असते. ते आलेले दिसत नाहीत. आपल्याकडे उत्तरेचं म्हणून जे दाखवलं जातं ते सगळं लहान: एक दात, चिचुंद्रीएवढे सस्तन प्राणी, बेडूक. ओंडक्यावर बसून, तुटलेल्या झाडांच्या तराफ्यावर समुद्र ओलांडू शकतील असे. मोठ्या डायनासोरमध्ये जे साम्य आहे ते दक्षिणेकडचं, मादागास्करचं, आणि त्याला पट्टा लागत नाही. ती एकत्र असतानाची वडिलोपार्जित मिळकत आहे.

आणि जिवंत साक्षीदारही आहे. केरळातल्या इडुक्कीच्या डोंगरातून २००३ मध्ये एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉस्युट यांनी नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस हा जांभळा बेडूक जगापुढे आणला. वर्षभर जमिनीखाली राहतो, पावसाच्या तोंडावर काही दिवस वर येतो. त्याचे सगळ्यांत जवळचे नातेवाईक सह्याद्रीत नाहीत, आशियात नाहीत, आफ्रिकेत नाहीत. ते सेशेल्स बेटांवर आहेत. सेशेल्स म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखीच्या सुमारास भारतापासून सुटलेला तुकडा. त्या बेटाच्या काळातलं कुळ, लाव्ह्यातून वाचून, आज मुन्नारच्या आसपास जगतं आहे. बेट कच्चं असतं तर अशी कुळं इतकी वेगळी राहिली नसती.

अश्मक

बेडकाचं उदाहरण मान्य. मी स्वतः वर्गात तेच देतो. पण सर्वस्वी एकाकी आणि सर्वस्वी जोडलेलं यांच्यामध्ये जागा आहे, आणि मला वाटतं भारत प्रवासात वेगवेगळ्या वेळी त्या जागेत वेगवेगळ्या ठिकाणी होता. ७.५ कोटीला जे खरं ते ६.६ कोटीला खरं असेलच असं नाही.

काळाकातळ

हे मला पटतं. आणि म्हणूनच ती कोरी दोन कोटी वर्षं भरली पाहिजेत.

रोहन_मुलुंड

मुंबईत डायनासोरची हाडं मिळतात का? आणि लाव्ह्यानेच मारले ना शेवटी सगळे?

अश्मक

मुंबईत डायनासोर नाही. वरळीच्या दोन लाव्हाथरांमधल्या गाळात छोट्या बेडकांचे सुरेख जीवाश्म मात्र मिळाले. ओवेननेच १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं, आज त्यांना इंडोबॅट्राकस पुसिलस म्हणतात. पण तो थर डायनासोर संपल्यानंतरचा.

लाव्ह्याचं उत्तर सरळ नाही. २०१९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दख्खनच्या थरांची वयं बारकाईने मोजली. मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत उरकले, सुरुवात मेक्सिकोतल्या चिक्शुलूब उल्कापाताच्या आधी आणि शेवट नंतर. कोणत्या टप्प्यावर सर्वांत जास्त लाव्हा आला यावर मात्र दोन्ही गटांचं जमलं नाही. आपल्याकडचा पुरावा असा की पहिल्या लाव्ह्यांनंतरही डायनासोर होते. टाकळीला आणि कच्छमध्ये अंजारला, लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात, त्यांच्या कवचांचे आणि हाडांचे तुकडे आहेत. म्हणजे लाव्हा आला, थंड झाला, त्यावर तळी साचली, आणि टायटॅनोसॉर परत येऊन तिथे अंडी घालत राहिले. ज्वालामुखीच्या इतक्या जवळ राहून ते पहिल्या फटक्यात मेले नाहीत. शेवटचा घाव उल्केचा होता असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि मलाही तेच बरोबर वाटतं.

वरोऱ्याचा_गडी

म्हणजे आमच्या वावराच्या वरचा काळा दगड आन् खालचा पांढरा, याच्यामदलं सगळं वाचाले भेटते. आता पिसदुऱ्याच्या शाळेच्या मुख्याध्यापकायसंग बोलतो. तुम्ही दोघं कोणी येऊन पोरायसमोर बोलाल का? गावाकडून जेवण-राहणं आमच्याकडं.

अश्मक

नक्की येतो. डिसेंबरात विद्यार्थ्यांची सहल चंद्रपूरकडेच आहे. सिरोंच्याला वडधमचं जीवाश्म उद्यानही बघायचं आहे. तिथले खडक ज्युरासिक, म्हणजे बेट व्हायच्या कितीतरी आधीचे. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

त्रिची_रिटर्न

मी कामानिमित्त तिरुचिरापल्लीला आहे. अरियलूर तासाभरावर. धागाकर्त्यांना विचारायचं होतं, ती मधली दोन कोटी वर्षं इकडे भरून निघतील का? इथल्या खाणींत शंखशिंपले ढिगाने दिसतात.

काळाकातळ

भरून निघायची सर्वांत चांगली शक्यता तिथेच आहे. अरियलूर-पेरांबलूरचे खडक समुद्रातले, पण त्यांचा काळ आपल्याला हव्या त्या पोकळीत जवळजवळ पूर्ण पसरलेला आहे. किनाऱ्याजवळच्या समुद्रात नदीने वाहून आणलेलं एखादं डायनासोरचं प्रेत बुडालं असणं सहज शक्य आहे.

तसा दावा झालेलाही आहे. १९७९ मध्ये यादगिरी आणि अय्यासामी यांनी तिथल्या, मादागास्कर सुटण्याच्या सुमाराच्या, थरातून द्रविडोसॉरस या डायनासोरचं वर्णन केलं. पाठीवर तकटं असलेल्या स्टेगोसॉर गटातला, जो बाकी जगातून तोवर संपला होता. पुढे शंकर चॅटर्जी यांनी ही हाडं प्लेसिओसॉर या सागरी सरीसृपाची असल्याचं मत दिलं, आणि प्रश्न लोंबकळत राहिला. कल्लमेडूच्या ब्रुहत्कायोसॉरसचं तर आणखी वाईट झालं. दोन मीटर लांबीचं पायाचं हाड, कदाचित पृथ्वीवर चाललेल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांपैकी एकाचं. ठिसूळ हाड पावसापाण्याने भुगा होऊन गेलं. आज चित्रं आणि जुने फोटो उरले आहेत.

तुम्ही गेलात तर खाणीच्या ताज्या कापलेल्या भिंती बघा. शिंपल्यांच्या थरात हाडासारखी जाळीदार, सच्छिद्र पोत दिसली तर हात न लावता मोजपट्टी किंवा पेन शेजारी ठेवून फोटो घ्या. एक जवळून आणि एक असा की अख्खी भिंत दिसेल. फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवा. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर उत्तम, तेव्हा नवं काही उघडं पडलेलं असतं आणि अजून झिजलेलं नसतं.

त्रिची_रिटर्न

इथला पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, त्यामुळे जानेवारीत जातो. कारैच्या बाजूची मातीची घळ आणि एक-दोन जुन्या खाणी आधी बघेन, परवानगी विचारून. फोटो इथेच टाकतो.

अश्मक

कारैला लाल-राखाडी चिकणमातीत बेलेम्नाइटचे (माखलीसारख्या जुन्या सागरी प्राण्याचे) बाणासारखे तुकडे पायाखाली येतील, त्यांत अडकू नका. हवे ते थर त्याहून वरचे, पूर्वेकडे अरियलूरच्या दिशेने. निघण्याआधी मला निरोप करा, भूवैज्ञानिक नकाशाची प्रत पाठवतो.